हाई पानी कथा जास

माझं नाव उखर्डू.
आधीची दोन गेली, म्हणून आईनं मला
पाचव्या दिवशी उकिरड्यावर ठेवलं
आणि शेजारणीनं उचलून परत दिलं.
फेकलेलं मरणही नेत नाही, असा हिशेब.

रसायनशास्त्र विभाग, तळमजला, खोली चार.
एकोणतीस वर्षं नळ्या धुतोय.
चंचुपात्रं, ब्युरेट, पोरांनी अर्धवट सोडलेले रंग,
सगळं शेवटच्या बेसिनमध्ये.
वर नळ सोडायचा. भरपूर सोडायचा.
साहेबांनी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं होतं.

सुमली पावरा धडगावकडची, एम.एस्सी.चं दुसरं वर्ष,
माझ्याशी बोलता बोलता अहिराणी उचललेली.
एकदा हात पुसताना म्हणाली,
मामा, हाई पानी कथा जास?

खाले, मी म्हटलं.
खाले म्हंजे कथा?
मी फडकं पिळत राहिलो.

खाली म्हणजे कुंपणाच्या भिंतीपलीकडे.
खाली म्हणजे नाला, नाल्याकाठी भिलाटी,
बावीस घरं, एक हापशी.
तिचं पाणी हंड्यात रात्रभर ठेवलं
की वर तांबूस साय धरते.
हे मला माहीत होतं.
सायकलनं रोज तिथूनच जातो मी.
चहा मात्र तिथं कधी घेतला नाही.

मग ती एकाची पाच झाली.
निलांबरी भंगाळे, गुलशेर तडवी,
भूगोलवाला एक चष्मिस, डोक्याला ओला पंचा.
औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी आणायचे,
चिठ्ठीवर तारीख, वेळ, आणि हंडा कुणाचा ते:
रुखीबाईचा, बारकूचा, अंगणवाडीचा.
अहवाल वर गेला. अहवाल परत आला.
नाला आमच्या हद्दीत नाही,
आणि पाण्यावर विद्यापीठाचं नाव लिहिलेलं नसतं.

निलांबरी म्हणाली, मग लिहू या.

त्या रात्री चावी माझ्याकडे होती.
मे महिना, नऊ वाजले तरी भिंती तव्यासारख्या.
गुलशेरनं चिमूटभर नारिंगी पूड आणली,
सोडा घालून बादलीत कालवली तर हिरवी पेटली.
विषारी नाही मामा, नुसता रंग, त्यानं दोनदा सांगितलं,
भिलाटीत घरोघर सांगून आलोय.
बादली कोण ओतणार, यावर पोरं थांबली.
मीच घेतली. बेसिन माझं.

मग उताराला सायकल दामटत नाल्याशी.
पोरं बॅटऱ्या धरून बसलेली,
भिलाटीची लेकरं त्यांच्या मांडीला मांडी लावून.
काही नाही. डास.
केळीच्या बागेतून मोटारीची घरघर.
चाळीस मिनिटं.
मला मनातून वाटत होतं, येऊ नये.

आणि पाइपाच्या तोंडातून आला
कोवळ्या गव्हासारखा हिरवा, हलत हलत.
लेकरांनी टाळ्या पिटल्या.
रुखीबाई तेवढी माझ्याकडे बघत होती.
बोलली काही नाही.
मी सायकलची घंटी उगाच पुसली.

वर फाटकाशी पाटी आहे,
हरित परिसर, प्रथम पुरस्कार.

मला मेमो आला.
रात्री चावी कोणाच्या आदेशाने दिली?
निलांबरीनं दोन पानी उत्तर लिहून दिलं, कलमांसकट.
ते घडी घालून खिशात ठेवलं
आणि माझ्या अक्षरात लिहिलं:
चावी माझ्याकडेच असते.

आता बेसिनला झाकण. कोपऱ्यात तीन निळे ड्रम.
भिलाटीत दिवसाआड टँकर, कधी तोही नाही.
समिती आहे. समितीत सुमली आहे, मताशिवाय.

मला अकरा महिने उरलेत.
रोज ड्रमवर खडूनं रेघ मारतो, किती भरला.
काल पहिला गळ्याशी आला.
सुमली त्यावर बोटं वाजवत उभी,
माझीच बोली माझ्यावर उलटवत:
मामा, हाऊ ड्रम कथा जाई?